‘जागा नव्हती’ असं लिहिलंय, पण चित्रात तर जागा आहे!

आमच्या शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, सुविचार आणि मग बोधकथा. बोधकथा संपली की वाचणारं पोर एका दमात म्हणून टाकतं, "तात्पर्य, आपण नेहमी दुसऱ्याला मदत करावी", सगळे टाळ्या वाजवतात, ओळीनं वर्गाकडे निघतात आणि दाराशी चपला काढता काढता एक जण पुढच्याला ढकलून आत घुसतो. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते, पहिली आणि दुसरी माझ्याकडे एकत्र. हे दृश्य मी कितीतरी वर्षं बघत होते आणि वाईट वाटायचं, कारण पोरं काही दुष्ट नव्हती, तात्पर्य तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण ते तात्पर्य आणि पुढच्याच्या पाठीवर पडलेला आपला हात यांचा काही संबंध आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मग काही वर्षांपूर्वी मी वर्गात चित्रपुस्तकं वापरायला लागले, त्याबद्दल मिळेल ते वाचलं, चुका केल्या. आता ओळखीच्या शिक्षिका, मुलांच्या आया विचारतात की पुस्तकं दाखवून मुलं मायाळू होतात हे खरंय का, आणि होत असतील तर नेमकं काय करायचं. तर मला जेवढं कळलंय ते सोपं करून सांगते.

आधी चित्रपुस्तक म्हणजे काय ते बघू, कारण इथेच गोंधळ होतो. गोष्टीत मधेमधे चित्रं टाकली की ते सचित्र पुस्तक झालं. चित्रपुस्तकात गोष्ट अर्धी शब्दांत असते आणि अर्धी चित्रांत, म्हणजे चित्रं झाकून वाचलं तर गोष्ट अपुरी राहते. शब्द म्हणतात "सगळे खूश होते" आणि चित्रात एक पोरगी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली असते. आता गंमत अशी की आपल्यासारख्या वाचता येणाऱ्या माणसाचे डोळे आधी अक्षरांवर जातात, आणि पहिलीतल्या पोराला अक्षरं अजून धड येत नाहीत म्हणून ते पूर्ण वेळ चित्रात असतं. त्यामुळे कोपऱ्यातली पोरगी त्याला आपल्या आधी दिसते. माझ्या वर्गात तर हे रोज होतं, मी वाचतेय एक आणि खालून आवाज येतो, "बाई, ती का रुसलीय?"

दुसरी गोष्ट शब्दाची. ह्या विषयाला आपण पटकन ‘दया’ म्हणून मोकळे होतो आणि मला तो शब्द खटकतो. दया वरून खाली होते, ज्याच्याकडे आहे तो ज्याच्याकडे नाही त्याच्यावर करतो. पोरांच्या तोंडी तिचं रूप म्हणजे "बिचारा". काठी घेऊन चालणारा मुलगा चित्रात दिसला की अख्खा वर्ग एका सुरात "बिचाराऽऽ" म्हणतो आणि झालं, तो मुलगा त्यांच्यापासून लांब गेला, आता त्याच्याशी कोणी खेळणार नाही, त्याला फक्त काहीतरी देणार. मला हवी असते ती माया, आपुलकी, आणि त्याच्याही आधी एक साधी गोष्ट, ती म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येणं. ते ओळखल्याशिवाय माया करणार तरी कशी? ज्याचा अंगठा ठेचलाय त्याला तुम्ही लाडू दिलात तर मन चांगलं तुमचं, पण अंगठा दुखायचा तो दुखतोच.

आणि हे ओळखणं मुलाला जन्मतः येत नाही. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक छोटी गोष्ट सांगून बघितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई त्यातलं थोडं स्वयंपाकाला घेते आणि उरलेलं दुसऱ्याच कपाटात ठेवते. मॅक्सी परत आला, आता तो चॉकलेट कुठे शोधेल? आपल्याला ह्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही, जिथे ठेवलं होतं तिथेच शोधेल की. पण तीन-साडेतीन वर्षांचं मूल ठामपणे दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवतं. कारण चॉकलेट तिथे आहे हे त्याला स्वतःला माहितीय, आणि मला माहीत असलेलं मॅक्सीला माहीत नसू शकतं ही कल्पनाच त्याच्या डोक्यात अजून आलेली नसते. साधारण चार ते सहा वर्षांच्या मधे हे हळूहळू बदलतं, आणि पुढेही बरीच वर्षं पक्कं होत राहतं. म्हणजे आपली अंगणवाडी, बालवाडी, पहिली, दुसरी, नेमका हाच काळ! आपण चार वर्षांच्या पोरावर ओरडतो, "तिला वाईट वाटलं असेल हे कळत नाही का तुला?" तर अहो, बऱ्याचदा त्याला खरंच कळलेलं नसतं.

इथे चित्रपुस्तक कामाला येतं. खऱ्या भांडणात सगळं झपाट्यानं होतं, रडारड होते, कोणी कोणाचा चेहरा बघत नाही. चित्र थांबलेलं असतं. त्यातला चेहरा कितीही वेळ बघता येतो, मागचं पान उलटून "हा आधी हसत होता, मग आता काय झालं" हे तपासता येतं, आणि मुख्य म्हणजे चित्रातल्या माणसाला जे माहीत नाही ते आपल्याला दिसत असतं. मॅक्सीचं कपाटच आहे ते.

आपल्या घरातलंच उदाहरण देते. चिऊ-काऊची गोष्ट. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, काऊ चिऊच्या दाराशी येतो आणि चिऊ आतून सांगत राहते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब, माझ्या बाळाला टीट लावते. आपण सगळे ही गोष्ट ऐकत जेवलोय आणि बाहेर भिजणाऱ्या काऊचा विचार बहुतेक कोणी केला नसेल, मी तरी केला नव्हता. मी ड्रॉइंग पेपरवर एक चित्र काढलं. बरोबर मधोमध दार. डावीकडे चिऊ, पिल्लू, पेटलेली चूल. उजवीकडे काऊ, पंख अंगाला चिकटलेले, पायाशी वाहून आलेलं शेण. गोष्ट सांगितलीच नाही, ती सगळ्यांना येतेच. फक्त विचारलं, चिऊला काय काय दिसतंय?

"काऊ भिजलाय!" सगळे एकदम.

"चिऊला दिसतंय का ते?"

मग वर्ग गप्प. बराच वेळ. एक जण उठून चित्राजवळ आला, दारावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "नाही. मधे दार आहे." मग दुसरा म्हणाला तिला टकटक ऐकू येतेय पण, तिसरा म्हणाला टकटक तर पाहुणा पण करतो, आणि खिडकीजवळची एक मुलगी, जी एरवी दिवसभर एक शब्द बोलत नाही, ती म्हणाली, "बाई, काऊला थंडी वाजत असंल तर त्याचा आवाज थरथरत असंल ना? मग तिला कळलं असंल." मला तेव्हा अंगावर काटा आला होता. दाराच्या ह्या बाजूला राहून त्या बाजूच्याचा आवाज कसा येत असेल याचा विचार सहा वर्षांच्या पोरीनं केला, आणि मी तिला एकदाही "मदत करावी" म्हटलं नव्हतं.

आता प्रश्न येतो की तात्पर्य सांगितलं तर काय बिघडतं, सांगून टाकावं की सरळ. बिघडतं असं की लहान मुलांना आपण समजतो ते तात्पर्य लागत नाही, त्यांना भलतंच लागतं. २००८ साली मेरी-लुईझ मारेस आणि एमिली अकोस्टा यांचा एक अभ्यास आला, अमेरिकेतला. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला. त्यात एक तीन पायांचा कुत्रा असतो, बाकीचे आधी त्याला बिचकतात आणि मग मैत्री करतात. बनवणाऱ्यांना सांगायचं होतं की जो आपल्यापेक्षा वेगळा दिसतो त्याला दूर लोटू नये. मुलांना विचारलं यातून काय शिकलात, तर बऱ्याच जणांचं उत्तर, तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागायचं. बस्स, तेवढंच! कुत्र्यावरून माणसावर उडी मारायची असते हे त्यांना लागलंच नाही. त्यांची चूक नाही, ह्या वयात गोष्ट ही ज्याची आहे त्याचीच असते. म्हणून तात्पर्याचं वाक्य मुलं पाठ करतात आणि दप्तरात ठेवून देतात.

भीती दाखवणाऱ्या गोष्टींचं तर आणखी वेगळं. ‘लांडगा आला रे आला’ आपण किती विश्वासानं सांगतो. टोरांटो विद्यापीठातले कांग ली आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर हे तपासलं. मुलाला एका खोलीत बसवायचं, मागे एक खेळणं ठेवायचं, बघायचं नाही म्हणून सांगायचं आणि मोठ्या माणसानं बाहेर जायचं, म्हणजे पोर वळून बघणारच. परत आल्यावर एक गोष्ट वाचून दाखवायची आणि मग विचारायचं, तू बघितलंस का? लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं आणि खोटं बोललं की नाक वाढणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकलेली मुलं, यांच्यात खरं बोलण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. वाढलं ते जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट ऐकलेल्यांत, ज्यात मुलगा खरं कबूल करतो आणि वडील त्याला जवळ घेतात. आणि त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोटं बोलण्याचे वाईट परिणाम दाखवले तर तो फायदाही गेला. हा अभ्यास खरेपणाबद्दल आहे, मायेबद्दल नाही, पण मी तरी त्यातून एवढं घेतलं की वाईट वागणाऱ्याला शेवटी अद्दल घडते अशी पुस्तकं मी ह्या कामासाठी घेत नाही. चांगलं वागल्यावर त्या दोघांत पुढे काय होतं हे ज्यात दिसतं, अशी घेते.

प्राणी की माणसं, हाही एक प्रश्न आहे. लहान मुलांच्या पुस्तकांत ससे, अस्वलं, हत्ती हेच जास्त, आणि मुलांना आवडतातही. २०१७ मध्ये टोरांटोतच निकोल लार्सेन, कांग ली आणि पॅट्रिशिया गानिया यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना आधी दहा स्टिकर दिले आणि सांगितलं, एका मुलाला स्टिकर मिळणार नाहीत, त्याच्यासाठी हवे तर ठेव. मग काही मुलांना वाटून घेण्याबद्दलचं चित्रपुस्तक वाचून दाखवलं ज्यात पात्रं रॅकून वगैरे प्राणी होते, कपडे घालणारे बोलणारे, काहींना तीच गोष्ट पण चित्रात माणसं, आणि काहींना बियांबद्दलचं भलतंच पुस्तक. नंतर परत स्टिकर वाटायला सांगितले. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त दिले, बाकीच्या दोन्ही गटांनी कमी. पण ह्यावरून लगेच चिऊ-काऊ हद्दपार करू नका, माझ्या वर्गात त्या काऊनं जे केलं ते मी वर सांगितलंच. फक्त वर्षभर नुसते ससे आणि अस्वलंच नकोत, गणवेश घातलेली, आपल्यासारख्याच व्हरांड्यात बसलेली पोरंही पुस्तकात हवीत, म्हणजे उडी लांब मारावी लागत नाही.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, बोलायचं कोणी. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात सीलिया ब्राउनेल यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचे आईबाप चित्रपुस्तक कसं वाचतात ते बघितलं, आणि तीच मुलं दुसऱ्याला मदत किती पटकन करतात, वस्तू देतात का तेही बघितलं. २०१३ मध्ये ते छापून आलं. जे आईबाप चित्रातल्या भावनेबद्दल मुलालाच विचारत होते, हा कसा दिसतोय, का बरं रडतोय, त्यांची मुलं पुढे होती. नुसतं स्वतः समजावून सांगणाऱ्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. अर्थात विचारल्यामुळेच मुलं तशी झाली असं ह्यावरून छातीठोकपणे नाही म्हणता येत, मायाळू पोराचे आईबाप मुळातच जास्त बोलत असतील. पण माझा वर्गातला अनुभव ह्याला शंभर टक्के जुळतो. मी बोलत राहिले की पोरं ऐकतात आणि विसरतात. त्यांनी तोंडानं म्हटलं की "ती घाबरलीय", की मग तो शब्द त्यांचा झाला, आठवड्याभरानं मैदानावर ऐकू येतो.

विचारायचं कसं तेही शिकावं लागतं. "हे चांगलं केलं का वाईट?" असं विचारलं की संपलं, सगळे कोरसमधे "वाईऽऽट बाई!" म्हणणार, आपल्याला काय ऐकायचंय ते पोरांना आपल्या तोंडावरून कळतं. मी चारच प्रश्न वापरते आणि तेही सगळे रोज नाही. काय दिसतंय? तुला कशावरून वाटलं? हिला काय माहीत नाहीये? आता काय होईल? यातला "कशावरून" हा माझा सर्वांत लाडका, कारण त्यानं पोराला परत चित्रात जावं लागतं, भुवया बघाव्या लागतात, खांदे बघावे लागतात, हात कुठे आहेत ते बघावं लागतं. आणि विचारून झाल्यावर आपण गप्प बसायचं. मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. पहिले काही महिने हे मला फार अवघड गेलं, वर्ग शांत झाला की शिक्षकाला वाटतं आपण कमी पडतोय आणि तो बोलायला लागतो. नका बोलू. पोर विचार करतंय. आणि एकच पुस्तक आठवड्यात तीनदा तरी वाचायचं, पहिल्यांदा मुलं गोष्टीच्या मागे पळत असतात, पुढे काय पुढे काय, माणसांकडे त्यांचं लक्ष दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला जातं.

आता एक पुस्तक उघडून दाखवते, मीच बनवलेलं. ए-फोरचे दोन कागद मधोमध दुमडले आणि घडीवर स्टेपलर मारला की आठ पानी पुस्तक होतं, तैलखडू आणि काळा पेन, बाकी काही लागत नाही. नाव ‘ताट’. ते का बनवलं ते सांगते. आमच्या भागात दिवाळीनंतर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि त्यांची काही पोरं आमच्या शाळेत येतात, हंगाम संपला की जातात. एका वर्षी अशीच एक मुलगी दुसरीत आली. खिचडीच्या सुट्टीत सगळी पोरं व्हरांड्यात ओळीनं बसायची आणि ही ताट घेऊन उभी. कोणी तिला काही वाईट बोललं नाही, हाकललं नाही, फक्त जागा नव्हती. मी रोज तिला बसवायचे आणि रोज ती परत उभी असायची. मार्चमध्ये टोळी गेली, ती गेली, आणि माझ्या मनातून काही जाईना.

मग मी ते आठ पानांचं पुस्तक काढलं. मधलं जोडपान असं आहे: ओळीनं बसलेली नऊ पोरं, प्रत्येकापुढे ताट, पिवळी खिचडी, आणि उजव्या टोकाला एक मुलगी उभी, ताट दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. खाली तीनच शब्द. ‘बसायला जागा नव्हती.’ आणि चित्रात पाचव्या आणि सहाव्या पोराच्या मधे एक दप्तर ठेवलेलं आहे, निळं, चांगलं ऐसपैस.

पहिल्या वाचनाला कोणाला दिसलं नाही. पुढचं पान, पुढचं पान. दुसऱ्या दिवशी पहिलीतला एक मुलगा एकदम ओरडला, "बाई, खोटं लिहिलंय! जागा आहे की, तिथं दप्तर बसलंय!" दप्तर बसलंय, हा त्याचा शब्द. मग काय, सगळे पुढे येऊन बघायला लागले. दप्तर कोणाचं? ह्याचं, कारण ह्याच्या पाठीला नाहीये. त्यानं मुद्दाम ठेवलं का? इथे वर्गात दोन तट पडले. निम्मे म्हणाले मुद्दाम, निम्मे म्हणाले नाही, तो खातोय, त्याचं लक्षच नाही, बघा त्याचे डोळे ताटात आहेत. "कशावरून?" मी एवढंच विचारत होते. पुढच्या पानावर फक्त एक हात आहे, दप्तराच्या पट्ट्यावर. ओढून घेतोय की घट्ट धरून ठेवतोय ते मी मुद्दामच कळू दिलेलं नाही. त्यावर ते अजून भांडतात, आणि मी अजून सांगितलेलं नाही.

लक्षात घ्या, मी हे पुस्तक ती मुलगी वर्गात असताना काढलं नाही. आणि ह्याच्यामागे माझी एक चूक आहे जी मला अजून बोचते. त्याआधी एक मुलगा होता वर्गात, बोलताना अडखळायचा. मला वाटलं अडखळत बोलणाऱ्या मुलाची गोष्ट वाचावी, बाकीच्यांना समजेल. मी पहिलं पान वाचलं आणि सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. तो तांबडालाल झाला आणि नंतर दोन दिवस बोललाच नाही. मी त्याला विचारलं नव्हतं, त्याच्या घरी विचारलं नव्हतं. तेव्हापासून ज्याच्यावर पुस्तक बोट ठेवेल असं पोर वर्गात असताना ते पुस्तक असं अचानक काढायचं नाही, आणि भांडण झालं की लगेच त्या भांडणाचं पुस्तक औषधासारखं पाजायचं नाही. पोरांना ते बरोबर कळतं आणि मग पुस्तकच नकोसं होतं.

पुस्तकं निवडताना मला रूडीन सिम्स बिशप यांचं म्हणणं फार उपयोगी पडतं. ह्या अमेरिकेतल्या प्राध्यापक, त्यांनी १९९० साली लिहिलं की मुलांसाठी पुस्तक कधी खिडकी असतं, दुसऱ्याचं जग दाखवणारी, कधी सरकतं काचेचं दार, त्या जगात पाऊल टाकू देणारं, आणि कधी आरसा. ज्या मुलाला पुस्तकांत स्वतःसारखं कोणी कधीच दिसत नाही त्याला आपली किंमत नाही असं वाटतं, आणि ज्याला कायम फक्त आरसेच मिळतात त्याला वाटतं जग म्हणजे आपणच. आपल्याकडची कितीतरी पुस्तकं उघडा, सोफा, फ्रीज, स्वतंत्र बेडरूम, स्कूलबस. कोपीत राहणारं पोर कुठे दिसतं त्यात?

मराठीत चांगलं काही नाही असं मात्र कोणी म्हणू नये. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय, आणि त्यांच्या गोष्टींतली घरं, आजी-आजोबा, शेजारी बघितले की कळतं उपदेशाचा एक शब्द न लिहिता माणसं कशी दाखवता येतात. पैशांची अडचण असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे, मराठीसकट पुष्कळ भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, डाउनलोड करून छापताही येतात. मी फोनवरून शाळेच्या टीव्हीला जोडून दाखवते, तीस पोरांना एका पुस्तकातलं चित्र दिसत नाही ना. पण दुसऱ्या वाचनाला हातात कागद हवाच, बोट ठेवायला.

हे सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या स्टिकरच्या अभ्यासात मुलांना पुस्तक वाचून झाल्या झाल्या तपासलं होतं, महिन्यानं काय राहिलं ते त्यावरून नाही कळत. एक पुस्तक वाचलं आणि पोर बदललं असं माझ्याकडेही कधी झालेलं नाही. मुलं पुस्तकापेक्षा आपल्याला जास्त वाचतात. खिचडीवाल्या मावशींना उशीर झाला की मी त्यांच्याशी कोणत्या आवाजात बोलते, गृहपाठ न आणलेल्याचं नाव मी कसं घेते, हे सगळं ती बघत असतात, आणि त्यात जर दप्तर बसवलेलं असेल तर पुस्तकातलं दप्तर उचलून काही उपयोग नाही. मी हे लिहितेय खरं, पण रोज जमतं असं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर परत टोळी आली. त्यात दोन पोरं पहिलीत आली, भाऊ-बहीण. ‘ताट’ तेव्हा वाचनकोपऱ्यात दोरीवर लटकत होतं, मी ते वर्गात वाचलं नाही, पण त्या बहिणीनंच ते दोरीवरून काढलं आणि एकटीच बघत बसली, मग बाकीचीही येऊन बसली. शेवटच्या पानावर मी कोपी काढलीय आणि ती ताटवाली मुलगी दारात उभी आहे. ही त्या पानावर थांबली आणि मला हाक मारली.

"बाई, हे चुकलंय. कोपीला असं दार नसतंय. गोणपाट असतंय."

मला काय बोलावं सुचेना, मी म्हटलं मग कसं असतं ते दाखव. तिनं हातानं दाखवलं, वरून कसं बांधतात, वारा आला की खाली दगड कसा ठेवतात, आणि बाकीची पोरं विचारायला लागली, कुत्रं आत येत नाही का, पाऊस आला तर, रात्री अंधार असतो का. ती सगळ्यांना सांगत होती, न अडता. दुसऱ्या दिवशी मी तांदळाच्या पोत्याचा एक तुकडा कापून आणला आणि त्या दारावर वरच्या बाजूनं चिकटवला, खालून उचलता येईल असा. आता कोणीही त्या पानावर आलं की तो तुकडा उचलून आत बघतं. आत तिनं पेन्सिलनं एक चूल काढलीय, आणि चुलीशेजारी दोन ताटं.